एका ओळीत

वाट रुंद असते तोवर कुटुंब घोळक्यानं चालतं. ती अरुंद झाली की क्रम लावावा लागतो. कोण पुढे, कोण मागे, याची चर्चा होत नाही. दहा पावलांत ते ठरलेलं असतं. घरात चर्चा करून ठरवलेल्या गोष्टींपेक्षा न बोलता ठरलेल्या गोष्टी जास्त टिकल्या, असा माझा अनुभव आहे.

*

सिडनीच्या दक्षिणेला ‘रॉयल नॅशनल पार्क’ आहे. १८७९ साली राखलेलं. अमेरिकेतल्या यलोस्टोननंतर जगातलं दुसरं, असं मानतात. पहिली पाऊणशे वर्षं त्याला नुसतं ‘द नॅशनल पार्क’ म्हणत. ‘रॉयल’ लागलं १९५५मध्ये, आदल्या वर्षी राणी येऊन गेली म्हणून. क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या उद्यानाच्या दीडपट. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला खुरट्या झुडपांचं पठार आणि मधून, कड्याच्या काठाकाठानं, बंडीना ते ऑटफर्ड अशी २६ किलोमीटरची वाट. दमाचे लोक ती एका दिवसात संपवतात. शहाणे दोन दिवस घेतात. तीन पिढ्यांचं कुटुंब मार्लीच्या वाळूपर्यंत जातं, दशम्या खातं आणि परत फिरतं.

पोचायचं ठिकाण नसलं तर मोठ्यांना चैन पडत नाही. असलं तर मुलांना.

*

राखलेलं म्हणजे तसंच्या तसं ठेवलेलं, असा आपला समज. या उद्यानात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूसा जातीची हरणं बाहेरून आणून सोडली. शोभेसाठी. ती आता इथल्या झाडोऱ्याला डोईजड झाली आहेत. शहरातल्या माणसांना मोकळी हवा मिळावी, सुट्टी बरी जावी, हा मूळ हेतू. रान रानासाठीच राखायचं हे नंतर सुचलं. राखायचं ठरल्यावर नेमकं काय राखायचं हे कळायला काही दशकं गेली. मुलांच्या बाबतीत एवढी सवड कुणाला मिळत नाही.

*

मार्लीला निघण्याआधी आमच्या मुलीनं एक फॉर्म भरला. पोलीस आणि उद्यानांचं खातं मिळून ही सोय चालवतात. कोण कोण जाणार, कोणत्या वाटेनं, आणि कधीपर्यंत परतायला हवं. आडवाटेला जाणाऱ्यांना संकटात उपग्रहाकडे हाक पोचवणारं यंत्रही फुकट उसनं मिळतं. एवढ्याशा वाटेला फॉर्मची गरज नव्हती. आम्ही दोघं बरोबर होतो म्हणून तिनं भरला, हे तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

परतायच्या वेळेचा तो रकाना मला फार आवडला. काळजी कधी सुरू करायची, हे त्यावरून ठरतं. आपल्याकडे काळजी दार ओढल्याबरोबर सुरू होते. ती कधी थांबवायची याचा रकाना कुठेच नसतो.

*

ऑस्ट्रेलियात रानवाटांना इयत्ता असतात. पहिली ते पाचवी. पहिलीतून चाकाची खुर्ची जाऊ शकते. पाचवीत वाट दिसेलच असं नाही. “ही तिसरी-चौथीतली असेल, बाबा,” जावई म्हणाले. ह्यांनी काही न बोलता बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. सत्तरी गाठल्यावर कुणी चौथीत बसवलं तर अपमान वाटावा की अभिमान, हे त्यांना ठरवता येईना, असं मला वाटलं.

*

सकाळी हे सगळ्यांच्या पुढे होते. हे नेहमीच पुढे असतात. वाट माहीत नसली तर जास्तच. त्यांच्यामागे मुलगी, मग जावई आणि नातू, आणि शेवटी नातीचा हात धरून मी. जिबनच्या किनाऱ्याची रुंद वाळू संपून पायवाट झुडपांत शिरली तेव्हा हा क्रम लागला होता.

दुपारी हे सगळ्यांच्या शेवटी होते.

मधे काय झालं ते सांगता येत नाही, कारण तसं काही झालंच नाही. कुणी त्यांना ओलांडून गेलं नाही. नाडी सुटली म्हणून ते थांबले. मग एक फूल पाहायला थांबले. मग समुद्र पाहायला. प्रत्येक वेळी एकेकजण पुढे सरकला. मागे पडण्याला जोवर कारणं देता येतात तोवर ते मागे पडणं नसतं. माणसानं कारणांचा साठा भरपूर ठेवावा.

*

पुढचा थांबतो, मागच्यासाठी. मागचा धापा टाकत येऊन पोचतो. पुढचा म्हणतो, “चला.” म्हणजे जो दमला नव्हता त्याला विश्रांती मिळाली आणि जो दमला होता त्याला ‘चला’ मिळालं.

हे डोंगरात होतं, तसं सगळीकडे होतं.

यावर उपाय साधा आहे आणि तो फार थोड्यांना सुचतो: मागचा पोचल्यावर पुढच्यानं आणखी पाच मिनिटं थांबायचं, आणि ती पाच मिनिटं आपण त्याच्यासाठी थांबलो आहोत असं दिसू द्यायचं नाही. आमच्या जावयांना हे जमतं. ते त्या वेळी बाटलीचं झाकण नीट बसतंय का ते पाहत राहतात.

*

मुलगी कॉलेजात असताना सह्याद्रीत हिंडायची. राजमाची, हरिश्चंद्रगड, पावसातली सगळी ठिकाणं. तेव्हा तिच्या तोंडी ‘लीड’ आणि ‘बॅकलीड’ हे शब्द असत. लीड वाट काढतो. बॅकलीड सगळ्यांच्या मागे राहतो, आणि त्याच्या मागे कुणी राहिलं नाही याची खात्री असल्याशिवाय पाऊल उचलत नाही. मला तेव्हा वाटायचं, हुशार मुलाला पुढे आणि भिडस्त मुलाला मागे ठेवत असतील. ती म्हणाली, “उलट असतं गं आई. चुकलेली वाट परत सापडते. राहिलेला माणूस नाही.”

*

रामायणात दोन वेगवेगळे क्रम आहेत. आपल्या डोळ्यांपुढचं चित्र म्हणजे पुढे राम, मधे सीता, मागे धनुष्य घेतलेला लक्ष्मण. ते अरण्यकांडातलं, दंडकारण्यातलं. पण त्याआधी, गंगा ओलांडून तिघं पहिल्यांदा निर्मनुष्य रानात शिरतात तेव्हा, अयोध्याकांडात, राम लक्ष्मणाला पुढे घालतो, सीतेला त्याच्यामागे, आणि स्वतः शेवटी राहतो. दोघांना सांभाळत येतो, असं सांगून.

चित्रकारांनी दुसरा क्रम उचलला. राजा पुढे असला की चित्र शोभतं. पण रान नवीन होतं, भीती ताजी होती, त्या दिवशी तो मागे होता.

*

शेवटच्या माणसाला वाट दिसत नाही. त्याला माणसं दिसतात.

*

मी रत्नागिरीकडची. आमच्या गावात पाखाड्या होत्या, जांभ्या दगडाच्या. एका वेळी एकानं चालायच्या. समोरून कुणी डोक्यावर भारा घेऊन आलं की गडग्याला पाठ टेकून उभं राहायचं. कुणी कुणासाठी गडग्याला टेकायचं, यात सगळा गाव होता: वय, जात, सासर-माहेर, देणं-घेणं. एकेरी वाटेची लाज वाटावी अशी ही बाजू मी विसरलेले नाही. निसर्गात गेलं की माणसं समान होतात असं लिहिणाऱ्यांनी अशा पाखाडीवर एक दिवस काढावा.

इथे मात्र समोरून येणारा अनोळखी माणूस आधी बाजूला होतो आणि हसतो. मग आपण बाजूला होतो आणि हसतो. दोघंही बाजूला, वाट मोकळी. हे थोडा वेळ चालतं.

*

माणसाचा चेहरा आपण इतका पाहतो की पाठ पाहायची राहून जाते. जेवताना, भांडताना, दवाखान्यात, फोनवर, आपण समोरासमोर असतो. एकेरी वाटेनं मला माझ्या माणसांच्या पाठी दाखवल्या.

ह्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. केव्हापासून, कोण जाणे.

मुलगी चढ आला की दोन्ही हात कमरेमागे बांधते. माझी आई पाखाडी चढताना तसेच बांधायची. मुलगी लहान असतानाच आई गेली. पाहून शिकलेली ही गोष्ट नव्हे. चेहरा आपण आरशात पाहून जमेल तसा सुधारतो. चालीला आरसा नसतो, म्हणून ती जशी आली तशी राहते.

*

इथला सूर्य कोकणी माणसाला गोंधळात टाकतो. आमच्याकडे तो समुद्रात बुडतो. इथे समुद्रातून वर येतो, आणि मग दक्षिणेऐवजी उत्तरेकडून जातो. त्यामुळे दक्षिणेकडे चालणाऱ्याची सावली भर दुपारीसुद्धा पुढे पडते, पुढच्या माणसाच्या टाचेपर्यंत. नातीला ते कळल्यावर ती दर थोड्या वेळानं मागे बघून मला बजावायला लागली, “आजी, तू माझ्यावर पडतेयस.”

*

सप्टेंबर म्हणजे इथला वसंत. जायमिया लिलीचा दांडा माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच जातो आणि टोकाला लाल तुरा उघडतो. आसपास तेवढं उंच काहीच नसल्यामुळे तो उगाच उभा केल्यासारखा वाटतो. फ्लॅनेल फ्लॉवरच्या पांढऱ्या पाकळ्यांना बोट लावलं तर लोकरीचा भास होतो. बँक्सियाची सुकलेली कणसं लाकडासारखी टणक. त्यांना मिटलेल्या ओठांसारख्या फटी. बी आत. आग लागून गेली की फटी उघडतात आणि राखेत बी पडतं.

जानेवारी १९९४मध्ये हे उद्यान नव्वद टक्क्यांहून जास्त जळालं होतं. आज तिथून चालताना आपल्याला कळतसुद्धा नाही.

इथे एक सुविचार अगदी हाताशी आला आहे. तो मी लिहीत नाही, कारण तो अर्धाच खरा आहे. आगी फार लवकर लवकर लागल्या, रोपटं वाढून त्याला बी धरायच्या आतच पुन्हा लागली, तर बँक्सिया संपतो. किती वर्षांनी जळणं सोसतं याचा हिशेब झाडागणिक वेगळा असतो. ‘दुःखानं माणूस घडतो’ म्हणणारे हा हिशेब कधी मांडत नाहीत.

*

वाटेत एक पांढराशुभ्र खडक आहे, चौकोनी कापलेला, कड्याच्या बाहेर डोकावणारा. त्याला ‘वेडिंग केक रॉक’ म्हणतात. फोटोसाठी त्यावर इतकी माणसं चढू लागली की २०१५मध्ये तपासणी करून त्याला कुंपण घालावं लागलं. तो कधीतरी तुटून खाली जाणार आहे. कुंपण ओलांडणाऱ्यांना दंड आहे. तरी ओलांडतात.

हा सगळा किनारा वालुकाश्माचा. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू. खडकात अजून प्रवाहाचे तिरपे थर दिसतात. त्यातलं लोखंड पाण्याबरोबर निघून गेलं तिथे तो पांढरा पडला. आमचा जांभा याच्या बरोबर उलटा. तिथे पावसानं बाकीचं बरंचसं धुऊन नेलं आणि लोखंड मागे राहिलं, म्हणून तो लाल. एकाचा रंग गेलेल्यामुळे, दुसऱ्याचा राहिलेल्यामुळे.

कुंपणाच्या अलीकडून आम्हीही फोटो काढला. फोटो काढायचा म्हणजे ज्यासाठी आलो त्याच्याकडे पाठ करायची. दिवसभरात तेवढ्याच वेळी आम्ही सगळे एका रेषेत, खांद्याला खांदा लावून, आणि चेहऱ्यानिशी उभे होतो. त्या फोटोत आम्ही जसे दिसतो तसे त्या दिवशी एक क्षणही नव्हतो.

*

मुलं “अजून किती?” विचारतात. अंतर सांगून त्यांचं समाधान होत नाही, कारण प्रश्न अंतराचा नसतो. आपण हे आपल्या मर्जीनं करतोय की त्यांच्या, एवढंच त्यांना हवं असतं. नातवाला जावयांनी पुढे घातलं आणि वाट शोधायला सांगितली. वाट एकच होती, जमिनीपासून वीतभर उचललेली, जाळीची. खालच्या झुडपांवर पाय पडू नये म्हणून तशी बांधलेली. चुकायची सोयच नव्हती. तरी तो पुढचा तासभर दर वळणावर हात वर करून सगळ्यांना थांबवत होता, खाली वाकून काहीतरी तपासत होता, आणि मग “या” म्हणत होता. “अजून किती” बंद झालं.

घरातला कर्ता पुरुषही मला बराचसा असाच वाटत आला आहे. वाट बांधलेली असते.

*

कड्याच्या रेषेत, आमच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक गरुड वाऱ्यावर तरंगत गेला. पोट पांढरं, पंख करडे, शेपूट पाचरीसारखी.

“काकण!” हे ओरडले. “अरे, हा आपल्याकडचा. वेळासला, मुरुडला माडावर घरटं करतो.”

“आजोबा, हा आमचा आहे,” नातू म्हणाला. “आमच्या शाळेच्या पुस्तकात आहे.”

भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ही एकच जात आहे. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. पण दोघंही जेवेपर्यंत फुरंगटलेले होते.

*

मार्लीच्या वाळूवर जेवलो. समुद्र तिथे दिसायला शांत आणि पोहायला घातक, पाटी आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, संत्री. भूक लागल्यावर अन्न गोड लागतं हे सगळे सांगतात. चालून आल्यावर कुटुंबही गोड लागतं, हे तेवढं कुणी सांगत नाही. त्याचा परिणाम अर्धा तास टिकतो.

ह्यांनी संत्र्याची साल मागच्या झुडपात टाकली. इथे उद्यानात कचऱ्याचे डबे नसतात. आपण नेलेलं आपण परत आणायचं. मुलगी उठली, सालं वेचून आली आणि पिशवीत घातली.

“अगं, ती कुजते. चार दिवसांत माती होईल.”

“कुजेल बाबा. पण ती इथली नाही.”

हे काही बोलले नाहीत. एरवी ते बोलले असते. हापूस कुठून आला, मिरची पोर्तुगिजांनी आणली, असं बरंच.

*

परतताना क्रम बदलला होता. नातू आणि जावई पुढे, नात, मग मी, माझ्यामागे मुलगी, आणि बरंच मागे हे. दुपारचा समुद्रवारा सुटला होता, ईशान्येचा, समोरून. मुलगी काहीतरी बोलत होती; मला वाटलं नातीला बोलतेय.

“आई, आम्ही आता इथेच राहायचं ठरवलंय. पुण्याचं घर ठेवायचं की काय ते तुम्ही दोघं ठरवा. आमच्यासाठी म्हणून ठेवू नका.”

मी चालत राहिले. पुढे नातीची पिवळी टोपी होती, तिच्याकडे पाहत राहिले.

चेहऱ्यासमोर सांगितलं असतं तर तिनं आधी माझा चेहरा वाचला असता, मग वाक्य बदललं असतं, मी ते बदललेलं वाक्य धरून बसले असते, आणि आम्ही दोघी एकमेकींना जपता जपता भलतीकडेच गेलो असतो. तसं आमचं अनेकदा झालं आहे. पाठीला सांगितलं की वाक्य पूर्ण होतं. आणि ऐकणाऱ्याला चेहरा सावरावा लागत नाही. तो सावरायला माझ्यापाशी पुढच्या वळणापर्यंतची, आणि हवी असती तर त्याच्या पुढच्याही वळणापर्यंतची वाट होती.

“बरं,” मी म्हणाले.

वाऱ्यानं ते तिच्यापर्यंत नेलं असणार, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

*

वाईट बातमी आणि खरी बातमी यांतला फरक कळायला साधारण एक किलोमीटर लागतो.

*

शांतपणे ऐकणं हा गुण समजला जातो. बऱ्याचदा ती फक्त चालण्याच्या दिशेची सोय असते. वारीत माणसं शेजाऱ्याला जन्माची कहाणी सांगतात, ती दोघांच्या नजरा समोर असतात म्हणून. गाडी चालवणाऱ्या बापाला पोरगं मागच्या सीटवरून सांगतं. केस विंचरून घेताना मुली आईला सांगतात. कबुलीला डोळे नको असतात. कान जवळ हवे असतात.

आपण घरं बांधताना याचा विचार करत नाही. दिवाणखान्यात सोफे समोरासमोर ठेवतो आणि मुलं काही सांगत नाहीत म्हणून तक्रार करतो.

*

जिबनच्या टोकावर वालुकाश्मात कोरलेली चित्रं आहेत. धारावल लोकांची. हा सगळा किनारा त्यांचा. १८७९च्या कितीतरी आधीपासून, आणि त्यांची पुढची पिढी आजही आहे. सकाळी उन्हात रेषा दिसल्या नव्हत्या. दुपार कलल्यावर तिरप्या उजेडात खोबणीत सावली भरली आणि देवमासा उठून दिसला. आधी ओळीनं टोचे मारायचे, मग ते घासून घासून जोडायचे, अशी रीत. चित्रांवर पाय पडू नये म्हणून बाजूला सज्जा बांधला आहे. त्यावरून पाहायचं.

नातीला आधी फक्त रेघा दिसल्या. मग एकदम सगळा मासा दिसला, आणि त्यानंतर तिला नुसत्या रेघा दिसेनात. ती जरा हिरमुसली. पुन्हा पहिल्यासारखं दिसत नाही म्हणाली.

थंडी सुरू होताना हंपबॅक देवमासे या टोकावरून उत्तरेकडे जातात आणि वसंतात पिल्लांसह परततात. ज्यांनी हे चित्र काढलं त्यांनी समोर पाहून काढलं. आमच्या रत्नागिरीच्या सड्यांवरही चित्रं आहेत: बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी. कशेळीच्या हत्तीच्या अंगात आणखी कितीतरी जनावरं कोरली आहेत. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी गावोगाव फिरून ही कातळशिल्पं उजेडात आणली, आणि २०२२मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात गेंड्यासारखी जनावरंही आहेत, जी आज कोकणात कुणी पाहिलेली नाहीत. आमच्याकडे चित्रं राहिली, ज्यांनी काढली त्यांचं नाव राहिलं नाही. लहानपणी त्या सड्यावरून आम्ही गुरं हाकत गेलो असू. पायाखाली काय होतं ते पाहायला कुणी सज्जा बांधला नव्हता.

हे तिथे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “यांना कुणी विचारलं नसेल, इथले का म्हणून.”

“विचारलं ना,” मुलगी म्हणाली. “दोनशे वर्षं विचारत होते.”

*

उतारावर गुडघे बोलतात. चढावर छाती. सपाटीवर माणूस.

*

म्हाताऱ्या माणसांना सहलीला नेताना मुलं दोन गोष्टींत गल्लत करतात: झेपेल ते दाखवणं आणि आवडेल ते दाखवणं. सिडनीत आम्हाला ऑपेरा हाउस दाखवलं, पूल दाखवला, मॉल दाखवले. सगळं झेपलं. ही वाट झेपली नाही. दोन दिवस पाय उचलत नव्हते. पुन्हा नेतेस का, असं मी विचारल्यावर मुलीनं संशयानं पाहिलं. आईबाप कुरकुरले नाहीत की मुलांना काळजी वाटते.

*

बंडीनाच्या धक्क्यावर आलो तेव्हा बोट लागलेलीच होती. क्रोनला ते बंडीना ही जुनी जलवाट. इथे १९३९ची एक लाकडी बोट वर्षानुवर्षं येजा करत आली. पार व्हायला अर्धा तास. बाकं समोरासमोर, त्यामुळे सगळे पुन्हा चेहऱ्यांवर आले आणि हवापाण्याचं बोलू लागले. मुलं पुढच्या टोकाला गेली, मुलगी आणि जावई त्यांच्यामागे.

“मघाशी काय म्हणत होती ती तुला?” ह्यांनी विचारलं.

मी सांगितलं. घराचंही.

“हं. मला सकाळीच म्हणाली. जिबन सोडल्यावर, वाट अरुंद झाली तिथे.”

“आणि दिवसभरात मला एका शब्दानं बोलला नाहीत!”

“तू पुढे होतीस,” हे म्हणाले. “ओरडून सांगायची गोष्ट का ती?”